बारा मिनिटांचा देश

गिरगावातली दीड खोली सोडून आम्ही मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायला आलो, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीने मला जिन्यातच गाठलं. "आप क्या काम करते हो?"

मी नुकताच नव्या नोकरीला लागलो होतो. अंगात वारं होतं. म्हटलं, "ड्रायव्हर का काम है. नया बनाते हैं, बिगड़ा तो सुधारते हैं."

त्यांनी मला वरून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. पुढच्या रविवारी सकाळी ते मारुतीच्या किल्ल्या हातात घेऊन दारात उभे. "साली को एअरपोर्ट छोड़ना है. पेट्रोल फुल है."

मला तेव्हा सायकल सोडून काहीही चालवता येत नव्हतं. पण ते कबूल करण्याइतका मोठेपणा माझ्यात कधीच नव्हता. मी म्हटलं, "रविवारी मी काम घेत नाही." त्यानंतर सोसायटीच्या प्रत्येक सभेत 'आजकल के ड्रायव्हर लोगों का नखरा' हा विषय निघायचा आणि सगळे माझ्याकडे बघायचे.

तर माझा ड्रायव्हर वेगळा, हे आता निवृत्त झाल्यावर तरी सांगून टाकतो. कॉम्प्युटरवर एका बाजूला प्रोग्रॅम असतो, तो तुम्हाला पडद्यावर दिसतो. दुसऱ्या बाजूला माहितीचं कोठार असतं, त्याला डेटाबेस म्हणतात. दोघांचं एकमेकांशी बोलणं नसतं, भाषाही वेगळी. मधे बसून याचं त्याला आणि त्याचं याला सांगणारा जो छोटा प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. लग्न जमवणारा मध्यस्थ असतो ना, तसला. संसार सुखाचा झाला तर त्याचं नाव कोणी काढत नाही. बिघडला की पहिला जोडा त्याला.

नव्वदच्या दशकाच्या उतरणीला मीरा रोडच्याच हाटकेशमधल्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे मालक प्रधानसाहेब, आम्ही चार-पाच जण आणि एक वातानुकूलित यंत्र, जे फक्त प्रधानसाहेबांच्या बाजूने थंड करायचं. खालच्या गाळ्यात स्टीलच्या ताटल्या दाबायचा प्रेस होता. दर दणक्याला आमच्या पडद्यावरची अक्षरं थरथरायची. फोनवर ग्राहक विचारायचे, हा आवाज कसला? प्रधानसाहेब म्हणायचे, "प्रॉडक्शन चालू आहे." खोटं काय होतं त्यात?

आमच्या ड्रायव्हरचं मुख्य दुखणं एकच: वेळ. परदेशी बनावटीचे डेटाबेस सगळी नोंद ग्रीनिचच्या वेळेने ठेवायचे. आपण त्यांच्यापुढे साडेपाच तास. म्हणजे ड्रायव्हरने नोंद लिहिताना साडेपाच तास वजा करायचे आणि वाचताना मिळवायचे. तिसरीतलं गणित. पण परदेशी ड्रायव्हर लिहिणाऱ्या विद्वानांच्या डोक्यात एक गोष्ट शिरत नव्हती. त्यांच्या ड्रायव्हरमध्ये तासांचा रकाना होता, आणि त्यात पूर्ण आकडाच चालायचा. मी त्यांना फोन लावला. पलीकडचा गृहस्थ अत्यंत सौजन्याने म्हणाला, "पाच ठेवा, नाहीतर सहा ठेवा. जे सोयीचं वाटेल ते."

जणू काही भाजीवाल्याशी घासाघीस चालली होती.

त्या रात्री जेवताना मी बायकोपुढे, म्हणजे नीलापुढे, भाषणच ठोकलं. म्हटलं, ज्यांच्या भाषेत 'साडे' नाही, 'सव्वा' नाही, 'पावणे' नाही, दीड-अडीच तर सोडूनच दे, त्यांना आपला देश कळणार कसा? त्यांना अर्ध्याचं वावडं आहे. आता हा साडेपाच मीच त्यांना शिकवतो. नीला म्हणाली, "आमटी घ्या." तिला माझी भाषणं पाठ होती.

मी खरोखरच स्वतःचा ड्रायव्हर लिहिला. त्यातला तासांचा रकाना मुद्दाम असा केला की त्यात पूर्ण आकड्यापुढे टिंब देऊन अपूर्णांकही भरता यावा. आणि त्या रकान्यात स्वतःच्या हाताने, मोठ्या अभिमानाने साडेपाच भरले. प्रधानसाहेबांनी पेढे वाटले. भारतीय वेळेचा पहिला भारतीय ड्रायव्हर, असं ते दिसेल त्याला सांगत सुटले. पहिला होता की नाही देव जाणे, पण तपासायला कोण जातंय?

तो ड्रायव्हर आम्ही भाईंदरच्या एका कारखान्याला दिला. स्टीलचे काटे-चमचे बनवून ते परदेशी पाठवायचे. तिकडच्या गिऱ्हाइकाने अट घातली होती की आमचंच पॅकेज, म्हणजे तिकडचा तयार प्रोग्रॅम, वापरा, हजेरीसुद्धा त्यातच. मग कारखान्याच्या फाटकावर एक कॉम्प्युटर आणि कार्ड दाखवायचं यंत्र बसलं. कामगार आत शिरताना कार्ड दाखवणार, आमचा ड्रायव्हर ती वेळ ग्रीनिचची करून कोठारात टाकणार, आणि ऑफिसात मॅनेजर मेहतासाहेब ती परदेशी पॅकेजातून वाचणार. मेहतांच्या बाजूला आमच्या ड्रायव्हरचा काही संबंध नव्हता. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं, म्हणून तर हा लेख लिहितोय.

पावसाळा संपत आला आणि मेहतांचा फोन आला. "आपका मशीन तो कमाल है! मेरे को बीस साल से शक था, अब सबूत मिल गया. उत्तन साइड का पब्लिक पूरा लेट आता है."

मी फुगलोच. कारखान्यात गेलो. त्यांनी यादी दाखवली. भोंग्यानंतर दहा मिनिटांची सवलत होती. त्यापुढे आलं की नावापुढे लाल खूण. आणि लाल खुणांची सगळी नावं उत्तन, तारोडी, त्या किनाऱ्याकडची. कारखान्याच्या आसपास राहणारे सगळे भोंग्याआधीच येऊन फाटकाबाहेर चहा पीत बसायचे, त्यांना एक खूण नाही. मेहतांचा सिद्धांत तयार होता: दर्यावरची माणसं, त्यांना मासळी आधी आणि नोकरी नंतर. त्यांनी ठरवलं होतं की दसऱ्याला कच्च्या कामगारांना पक्कं करायची यादी लागेल, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त लाल खुणा असलेल्या सगळ्यांची त्यातून छुट्टी.

"रोझी को बुलाओ," त्यांनी हाक मारली.

रोझीबाय तारोडीची. पॅकिंगमध्ये होती, चमचे कागदात गुंडाळायची. पन्नाशीला टेकलेली, आवाज मात्र समुद्रावरून हाक मारायची सवय असलेला. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या की घरात फक्त हिची नोकरी चालू. पक्की झाली की ती नोकरी कोणी सहज काढून घेऊ शकणार नव्हतं. एवढंच होतं पणाला. म्हणजे सगळंच.

मेहतांनी मला खूण केली. मी घसा साफ केला. "बाई, तुम्हाला रोज अकरा-बारा मिनिटं उशीर होतोय."

"कोन बोलतं?"

"मशीन बोलतंय."

"मशीन बसमधी होती माज्या बाजूला?"

"हे बघा—"

"बस भोंग्याच्या आदी येते. आमी सगली धावत येतंव. इचार कोनालापन."

आणि मग मी ते वाक्य टाकलं, जे मला त्या काळी फार आवडायचं, ग्राहकांच्या सभांमधून मी ते नेहमी वापरायचो. म्हटलं, "मशीन खोटं बोलत नाही, बाई. माणसं बोलतात."

रोझीबायने कमरेवर हात ठेवले. "मशीनला पोट न्हाय, ती कशाला खोटा बोलंल? तिला बनवनाऱ्याला हाय ना पोट."

मेहता हसले. मीही हसलो, पण घरी जाईपर्यंत ते वाक्य कानात खडा गेल्यासारखं टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी, स्वतःची बाजू पक्की करावी म्हणून, हाटकेशला बसून मी ड्रायव्हरची परीक्षा घेतली. एक वेळ लिहिली, तीच परत वाचली. तंतोतंत बरोबर. शंभर वेळा करून पाहिलं. शंभर वेळा बरोबर. खालचा प्रेस दणदण वाजत होता, मला तो टाळ्यांसारखा ऐकू येत होता. प्रधानसाहेबांना म्हटलं, "साहेब, ड्रायव्हर निर्दोष आहे."

ते म्हणाले, "मला खात्री होतीच. एकदा फाटकावर उभा राहून ये, म्हणजे बिलात 'साइट व्हिजिट' लावता येईल."

म्हणून मी एका सकाळी फाटकावर उभा राहिलो. मनगटावरचं घड्याळ टीव्हीच्या बातम्यांवर लावून आलो होतो. उत्तनची बस आली, दहा-बारा जण उतरून पळत सुटले, त्यात सर्वांत पुढे रोझीबाय, साडीचा काष्टा आवरत. तिने कार्ड दाखवलं आणि भोंगा झाला. माझ्याकडे बघून ती फक्त म्हणाली, "लिव."

मी आत ऑफिसात गेलो. मेहतांच्या पडद्यावर ती बारा मिनिटं उशिरा आली होती.

माझी पहिली प्रतिक्रिया काय असावी? मी घड्याळ काढून झटकलं. दुसऱ्या कोणालाही वाटलं असतं, माझा ड्रायव्हर चुकला. मला वाटलं, माझं घड्याळ चुकलं. मग फाटकावरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ पाहिलं, बरोबर. ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं पाहिलं, तेही बरोबर. परदेशी पॅकेजात आपला देश नीट नोंदलेला होता, साडेपाच तासांसकट. दोन्ही टोकं बरोबर आणि मधल्या मधे रोझीबायची बारा मिनिटं गायब.

बाहेरच्या वाचकाला सांगतो, या धंद्यात बारा मिनिटं म्हणजे भुताटकी. वेळेची चूक तासाने होते. दोन देशांची गल्लत झाली की तासाने, आपला 'साडे' कोणी खाल्ला की अर्ध्या तासाने. बारा मिनिटांनी चूक होण्यासाठी एखादा देश असायला हवा, जो आपल्यापेक्षा बारा मिनिटं मागे आहे. मी खरोखर मुलाचा शाळेचा नकाशा काढून बसलो. पाकिस्तान अर्धा तास मागे. नेपाळ पाव तास पुढे, हे कळल्यावर त्या देशाविषयी आदर वाढला. पण बारा मिनिटं मागे कोणी नव्हतं. वर्तुळ काढून बघितलं तर तो देश कुठेतरी अरबी समुद्रात, उत्तनच्या थोडा पश्चिमेला पडत होता.

आठवडा गेला. दसरा जवळ आला. मेहता यादी टाइप करायला देणार होते. रोझीबायचं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि माझा ड्रायव्हर शंभर वेळा बरोबर.

अशा मनःस्थितीत नीलाने मला तांदूळ आणायला पाठवलं. पाहुणे यायचे होते. साडेपाच किलो आणा म्हणाली. पाच किलो पाहुण्यांना, अर्धा खिरीला. कोपऱ्यावरच्या वाण्याने नवा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला होता, हिरवे आकडे पळणारा. तो तांदूळ ओतत होता, माझं लक्ष आकड्यांवर. पाच टिंब दहा... पाच टिंब वीस... पाच टिंब तीस झालं तसा मी हात वर केला. "बस बस, हो गया."

वाण्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा काट्याकडे. "पक्का, साहब?"

"अरे पक्का म्हणजे काय! आंख है मेरे को."

घरी आलो. नीलाने पिशवी उचलली, हाताने जोखली. तिच्या हाताला सवय होती. "किती आणलेत?"

"साडेपाच."

"कमी वाटतायत."

"अगं, माझ्या डोळ्यांदेखत मोजले. पाच टिंब तीस."

ती थांबली. पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर बायका लग्नानंतर एक-दोनदाच वापरतात.

"पाच टिंब तीस म्हणजे साडेपाच?"

"मग?"

"तांदूळ घड्याळात तोलून आणलेत का?"

मी पिशवीवर बोटाने तो आकडा गिरवून पाहिला.

आपण घड्याळातले साडेपाच कसे लिहितो? पाच, टिंब, तीस. लग्नपत्रिकेवर, डॉक्टरच्या पाटीवर, सगळीकडे. आणि मी माझ्या ड्रायव्हरच्या रकान्यात साडेपाच तास कसे भरले होते? पाच, टिंब, तीस. पण तो रकाना घड्याळाचा नव्हता, वाण्याच्या काट्यासारखा होता. त्याला पाच टिंब पाच हवं होतं. पाच टिंब तीस म्हणजे त्याच्या हिशेबी पाच तास आणि तासाचे तीन दशांश, म्हणजे अठरा मिनिटं. तीसला बारा कमी. अख्ख्या जगात पाच तास अठरा मिनिटांवर वसलेला एकच देश होता आणि तो मी वसवला होता.

मग माझी परीक्षा शंभर वेळा पास कशी झाली? अहो, सोपं आहे. लिहितानाही मीच अठरा धरायचो आणि वाचतानाही मीच. जाताना बारा मिनिटं हरवायची, येताना तीच सापडायची. चोर आणि फौजदार एकच असला की मुद्देमाल नेहमी मिळतो. मेहता मात्र परदेशी पॅकेजातून वाचत होते, खऱ्या साडेपाचाने. म्हणून त्यांना रोझीबाय उशिरा दिसायची. ज्या परदेशी विद्वानांना मी 'साडे' शिकवायला निघालो होतो, त्यांच्यातल्या पॅकेजवाल्यांना तरी तो येत होता. मला येत नव्हता.

"खिरीचं काय करायचं?" नीलाने विचारलं. मी चपला घालून हाटकेशला पळालो.

प्रधानसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "ग्राहकाला असं सांगायचं नसतं. वाय-टू-के म्हणायचं." सन दोन हजार उजाडलं की सगळे कॉम्प्युटर खलास होणार, अशी त्या दिवसांत हवा होती. कुठल्याही पापावर ते पांघरूण घालता यायचं. मेहतांना कळवण्यात आलं की वाय-टू-केची पहिली झुळूक भाईंदरपर्यंत पोचली होती, पण आमच्या सतर्कतेमुळे ती वेळीच अडवण्यात आली. मेहतांनी आभार मानले.

मी कारखान्यात जाऊन रकाना दुरुस्त केला. आता राहिल्या जुन्या नोंदी. प्रत्येकीतून बारा मिनिटं वजा करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि चालू केला. तो चालू असतानाच दिवे गेले. बॅटरीची सोय होती, पण तिच्यावर मेहतांचा पंखा लावलेला होता. वीज आली, कॉम्प्युटर उठला. काम पुरं झालं होतं की अर्धवट राहिलं होतं? शहाण्या माणसाने तपासून पाहिलं असतं. मी प्रोग्रॅम पुन्हा चालवला. मनात म्हटलं, असू दे, खात्रीला.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होती. फाटकावरच्या कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार घातला होता, कार्ड दाखवायच्या फटीवर कुंकू. मेहता मला बाजूला घेऊन गेले, हातात कागद. चेहरा बापाच्या कौतुकाने उजळलेला. "देखो, मैंने डांट लगाई तो कैसा सुधर गया सब पब्लिक! पिछले महीने का भी सुधर गया!"

डांट सप्टेंबरात, सुधारणा जुलैपासून. असा परिणाम मी कुठल्याच मॅनेजरचा पुन्हा पाहिला नाही.

मी कागदावर रोझीबायच्या नावापुढच्या वेळा पाहिल्या. ती रोज भोंग्याच्या बराच आधी आत. इतकी आधी की तेव्हा तिची बस अजून रस्त्यातच असायला हवी. बारा मिनिटं दोनदा वजा झाली होती. एकदा माझी चूक धुऊन निघाली, आणि दुसऱ्यांदा मी माणसांना बसच्या आधी कारखान्यात पोचवलं होतं.

मी कागद खाली ठेवला नाही. डोक्यात बारा-बारा मिनिटं परत मिळवत गेलो. बहुतेक दिवस ती वेळेवर होती, ती म्हणाली होती तशीच. पण पावसाळ्यातले काही दिवस तिची बस खरोखरच रखडली होती, पाणी भरलं म्हणून, टायर बसला म्हणून. त्या दिवसांच्या लाल खुणा खऱ्या होत्या. त्या परत आणल्या असत्या तर ती मर्यादेच्या पलीकडे जात होती. फार नाही. थोडीच. पण मेहतांच्या यादीत थोडं नसायचं.

माझा धंदा वेळ बरोबर ठेवण्याचा. चुकीची वेळ दिसली की मला दात दुखल्यासारखं होतं, अजूनही होतं. दुसऱ्याच्या घरी भिंतीवरचं घड्याळ मागे असलं तर मी खुर्ची ओढून उभा राहतो. मी तोंड उघडलं.

"कुछ बोला?" मेहतांनी विचारलं.

"नहीं," मी म्हटलं. "अच्छा सुधर गया."

यादी वाचली. रोझीबाय पक्की झाली. टाळ्या पडल्या, पेढे फिरले. थोड्या वेळाने ती माझ्यापाशी आली, हातात पेढा, नजर हाराखालच्या मशीनवर.

"ए मशीनवाल्या. तो मेहता माजी वेल वाचून दाखवत व्हता. त्या पानी भरलेल्या दिशीची."

मी हातातला पेढा घाईने संपवला.

"त्या दिशी बस खाडीवर बंद पडलेली. आमी सगली उतरून ढकलीत आलो. भोंगा झाला तवा आमी वाटंवर, गुडघाभर पान्यात." ती जरा पुढे वाकली. "तुजी मशीन बोलते, मी टायमावर हाय."

मी इकडेतिकडे पाहिलं. मेहता मशीनसमोर नारळ फोडत होते.

"रोझीबाय," मी हळूच म्हटलं, "त्याचं असं झालं..."

तिने हातातला अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि माझ्याच आवाजात, माझ्यासारखाच घसा साफ करून म्हणाली, "मशीन खोटा बोलत न्हाय, बाला. मान्सा बोलतात."

आणि काष्टा आवरत ती फाटकाकडे वळली. "चल, जातंय. माजी बस यायची वेल झाली. ती तुज्या मशिनीवर न्हाय चालत."